एसीपीच्या आड राहिलेला नट

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी शाळेचं स्नेहसंमेलन असो, गणेश मंडळाची करमणूक असो की कॉलेजचं गॅदरिंग, नकला करणारं पोरगं स्टेजवर आलं की त्याची यादी जवळपास ठरलेली असते. निळू फुले होतात, दादा कोंडके होतात, नाना पाटेकर होतात. मग एक हात वर जातो, बोटं हवेत गोल फिरतात, मान थोडी तिरकी होते आणि ‘दया, कुछ तो गड़बड़ है’ म्हणायच्या आधीच अर्धा मंडप ते वाक्य म्हणून मोकळा होतो. ‘सीआयडी’ ही मालिका 21 जानेवारी 1998 रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली. आज तिची नक्कल करणाऱ्या बहुतेक पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हे वाक्य म्हणणारा एसीपी प्रद्युम्न त्यांनी मालिकेत पाहिला त्याहून जास्त तो मोबाइलवरच्या मीममध्ये आणि दुसऱ्याच्या नकलेत पाहिला. म्हणजे ही नकलेची नक्कल. या साखळीत प्रद्युम्न साकारणारा शिवाजी साटम नावाचा एक नट होता, त्याने या एका माणसाखेरीज बरंच काही केलं आणि या माणसातही बरंच काही केलं, ही गोष्ट कुठे तरी गळून गेली. गळून गेलेल्या त्या ऐवजाचा हिशोब मांडायचा हा प्रयत्न आहे.

आधी नकलेची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण मराठवाड्यात नक्कल ही काही हलकी गोष्ट नाही. एकनाथांच्या पैठणापासून सोंगी भारुडाची परंपरा या भागात चालत आली आहे. आणि बहुरूपी तर पोलिसाचंच सोंग घेऊन दारात उभा राहायचा. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात छडी, ‘चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ असा दम, आणि घरातलं पोर घाबरून आईच्या मागे लपलं की हसून बिदागी. गावाला तो खरा फौजदार नाही हे ठाऊक असायचं, तरी क्षणभर छातीत धस्स व्हायचं. त्या धस्स होण्याचे पैसे दिले जायचे. पण बहुरूप्याच्या बाबतीत गावाची एक अट असे. आज फौजदार होऊन आलास, उद्या दुसरं काही होऊन ये. रोज एकच रूप घेऊन आला असता तर त्याला कोणी बहुरूपी म्हटलं नसतं. टीव्हीने ही अट उलटी केली. तिथे प्रेक्षक दर आठवड्याला तेच रूप मागतो, आणि नटाने ते बदललं तर तक्रार करतो. साटम यांच्यावर ‘एकसुरी’ असा शिक्का मारताना ही उलटी झालेली अट आपण सोयीस्करपणे विसरतो. एकच सोंग आपणच मागितलं, आणि एकच सोंग येतं म्हणून हसलोही आपणच.

त्या सोंगाची बनावट जरा जवळून पाहू. ‘सीआयडी’चा पहिला प्रवास 27 ऑक्टोबर 2018 रोजी थांबला तेव्हा 1547 भाग झाले होते. जवळपास प्रत्येक भागात एक प्रेत, एक संशयितांची रांग, एक प्रयोगशाळा आणि शेवटी एक कबुली. या चाकोरीत एसीपीच्या वाक्याला काम असतं. ‘गडबड’ हा शब्द आला की प्रेक्षकाला कळतं, वरवर दिसणारी कहाणी संपली, आता खरी सुरू. ‘दरवाज़ा तोड़ दो’ आलं की पुढचा प्रसंग धावपळीचा. ‘फाँसी’चा उल्लेख आला की झोपायला हरकत नाही. दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक लोकांना बसच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होतं. लाइट आली तेव्हा भाग अर्धा झालेला असे, मधेच कोणी जेवायला हाक मारी, मधेच डिशचं चित्र अडके. अशा तुकड्या-तुकड्याने पाहणाऱ्याला कथेत परत आणून बसवणारं काहीतरी ठरलेलं लागतं. साटम यांनी ते हातवाऱ्यासकट दिलं. भाषेचीही अडचण आली नाही. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दखनी आणि हिंदी इथल्या बाजारात मराठीच्या मांडीला मांडी लावून बसतात. त्यामुळे हे हिंदी वाक्य अहमदपूरच्या पोराच्या तोंडी परकं वाटत नाही. त्यातून साटम यांच्या हिंदीला मराठी वळण आहे. हिंदी पडद्यावर मराठी उच्चार बहुतेक वेळा हवालदाराच्या किंवा मोलकरणीच्या वाट्याला येत, इथे तो साहेबाच्या खुर्चीत बसला. एवढं मात्र खरं की त्या साहेबाचं आडनाव मालिकेने कधी ठळक केलं नाही. कुणालाही तो आपल्यातला वाटायची सोय झाली.

नक्कल या सगळ्यातून काय उचलते? जे पुन्हा करता येतं ते. बोटं, मान, शब्दांमधली ठेच. जे करता येत नाही ते ती सोडून देते, आणि नटाचं कसब नेमकं तिथे असतं. एक ठळक जागा सांगतो. प्रयोगशाळेत एसीपी आणि डॉ. साळुंखे (नरेंद्र गुप्ता) समोरासमोर येतात तेव्हा हा दरारा असलेला साहेब बदलतो. साळुंखे मुद्दाम माहिती लांबवतो, एसीपी चिडवतो, तो टोला परतवतो. दोन जुने मित्र नोकरीच्या जागी जसं एकमेकांचं माप काढतात तसं. इथे साटम यांचा आवाज खाली येतो, हात जवळजवळ थांबतो, आणि ओठांच्या कोपऱ्यात एक खोडकर आळस दिसतो. हा विनोदी नट आहे, तोही कुरघोडी न करणारा. समोरच्याला वाक्य पूर्ण करू देतो, मग अर्ध्या सेकंदाने बोलतो. हा अर्धा सेकंद एकाही नकलाकाराला मी पकडताना पाहिलेला नाही, आणि त्यांचा दोषही नाही. दोन मिनिटांच्या आयटममध्ये समोर साळुंखे कुठून आणायचा?

दुसरी जागा तांत्रिक आहे. 2004 साली मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंह यांनी ‘द इनहेरिटन्स’ नावाचा भाग लोणावळ्यात एका सलग शॉटमध्ये चित्रित केला. 111 मिनिटं, मधे कट नाही. 7 नोव्हेंबर 2004 रोजी तो दाखवला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हा विक्रम कॅमेऱ्याचा म्हणून सांगितला जातो, पण तो नटांचाही आहे. मालिकेतला नट एरवी तुकड्यांत जगतो. चार ओळी, कट. प्रकाश बदला, पुन्हा चार ओळी. वाक्य चुकलं तर परत घेता येतं. जवळजवळ दोन तास न थांबता, फिरत्या कॅमेऱ्यासमोर, कोण कुठून येणार आणि आपण कधी वळायचं हे अंगात भिनवून काम करायचं, तर रंगभूमीवरचा सराव लागतो. चुकला तर सगळ्यांचा दिवस वाया. तिथे ‘हातवाऱ्यांवर वेळ मारून नेणारा’ नट उघडा पडला असता.

हा सराव आला कुठून, याचं उत्तर बँकेत आहे. साटम सेंट्रल बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. मुंबईच्या बँकांमध्ये एके काळी आंतरबँक नाट्यस्पर्धांचं मोठं वातावरण होतं. दिवसभर लेजर आणि संध्याकाळी तालीम, असे कितीतरी नट त्यातून घडले. अशाच स्पर्धेत बाळ धुरी यांनी त्यांना हेरलं आणि ‘संगीत वरद’ या नाटकात संधी दिली. (हेच धुरी पुढे रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये दशरथ झाले. हतबल बाप कसा उभा करायचा याचा एक धडा साटम यांना घरच्या घरीच मिळाला असता, असं गमतीने म्हणता येईल.) मग दूरदर्शनवर ‘रिश्ते-नाते’, आणि त्यानंतर मुंबई दूरदर्शनवरची पोलीस तपासाची मराठी मालिका ‘एक शून्य शून्य’, तीही बी. पी. सिंह यांचीच. म्हणजे 1998 साली एसीपी प्रद्युम्न अचानक आकाशातून पडला नाही. एक दिग्दर्शक आणि एक नट मराठीत हा पोलीस आधी घासूनपुसून पाहत होते. ‘एक शून्य शून्य’ आठवणाऱ्या पिढीला त्यातला संयम आठवतो. पुढे हिंदीत त्याच कामाची पट्टी चढवावी लागली, कारण प्रेक्षक वाढला, वेळ कमी झाला आणि रिमोट हातात आला.

आता खरा मुद्दा. साटम यांचं सिनेमातलं काम एका रांगेत ठेवून पाहिलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. टीव्हीवर ज्याच्या एका शब्दावर दरवाजे तुटतात, तोच नट सिनेमात अशा माणसांच्या भूमिका करतो ज्यांचं घरातही कोणी ऐकत नाही. 1999 सालचा महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ घ्या. संजय दत्तचा रघू आपलं नाव रघुनाथ नामदेव शिवलकर असं ठणकावून सांगतो. त्यातला नामदेव म्हणजे साटम. चाळीतला, सरळमार्गी, मुलाच्या बेकारीवर करवादणारा बाप. मुलगा गँगस्टर होतो, गळ्यात सोन्याची जाड साखळी घालून घरी येतो, पडदा सगळा त्याचा असतो. बापाच्या वाट्याला फक्त बघणं येतं. साटम त्या बघण्यात राग, लाज आणि एक लपवलेली धास्ती असं एकात एक घालतात आणि एकही भाव पुरा उघडत नाहीत. शेवटी मुलावर गोळी झाडते ती रीमा लागूंची आई. बाप तेवढाही कर्ता नाही. आणि त्याच सुमाराच्या ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न गुन्हेगार निघालेल्या आपल्या मुलाला, नकुलला, स्वतःच्या हाताने गोळी घालतो. एकाच नटाने एकाच काळात बापपणाची ही दोन टोकं उभी केली: मुलाला मारू शकणारा आणि मुलाला थोपवूही न शकणारा. रेंज या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो? मेकअप बदलणं, लंगडणं, आवाज चिरका करणं याला आपण चटकन रेंज म्हणतो. तोच चेहरा, तोच आवाज ठेवून माणसाच्या हातातली सत्ता शून्यावर आणून दाखवणं अवघड, कारण ते दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: म्हणजे सिनेमातही एकच साचा झाला की, बाप आणि फक्त बाप. ‘गुलाम-ए-मुस्तफा’त नाना पाटेकरांसमोर सरळमार्गी दीक्षित, ‘नायक’मध्ये नायिकेचा गावाकडचा वडील. आक्षेप अर्धा बरोबर आहे. हिंदी सिनेमाने त्यांना बाप आणि पोलीस यापलीकडे फारसं पाहिलं नाही. पण बाप ही वयाची पायरी आहे, स्वभाव नव्हे. ‘नायक’मधला बाप जावई सरकारी नोकरीतलाच हवा म्हणून अडून बसतो, आणि तो हट्ट साटम हास्यास्पद होऊ देत नाहीत. अहमदपूर-उदगीरकडच्या वाचकाला हा माणूस समजावून सांगायची गरज नाही. पावसावरची शेती, एक-दोन वर्षाआड पाण्याची ओरड, अशा भागात सरकारी पगार म्हणजे काय हे लग्न जमवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. सिनेमा त्या अटीकडे गंमत म्हणून बघतो; नट तिच्यामागची भीती दाखवतो. ‘वास्तव’चा बाप आणि हा बाप यांच्यात नात्याचं नाव सोडलं तर काही समान नाही. एकाला मुलगा हातातून गेल्याचं दुःख, दुसऱ्याला मुलगी हातातून जाईल याची काळजी.

मराठी सिनेमाने मात्र हा साचाही मोडून दिला. 2008 सालच्या ‘दे धक्का’त साटम मकरंद अनासपुरेंचे वडील झाले. दारूची बाटली लपवणारे, नातवंडांत रमणारे, मुलाला न जुमानणारे आजोबा. या चित्रपटाचा सांगाडा ‘लिटल मिस सनशाइन’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेला, आणि तिथे आजोबांच्या भूमिकेसाठी ॲलन आर्किनला ऑस्कर मिळालं होतं. तुलना म्हटली तर साटम यांच्यावर अन्याय करणारी ठरायला हवी होती. ती ठरत नाही, कारण त्यांनी आर्किनचा तिरसटपणा उचललाच नाही. त्यांचा म्हातारा गोडबोल्या आहे, बेजबाबदार आहे, आणि आपण घराला ओझं आहोत हे त्याला नीट कळतं. अनासपुरेंची मराठवाडी फेक वेगवान, शेवटच्या शब्दाला झटका देणारी. तिच्यासमोर साटम मुद्दाम सैल बोलतात, वाक्य लोंबकळू देतात. दोघांची जुगलबंदी त्या फरकावर चालते. सहा माणसांचं कुटुंब बंद पडणारी गाडी ढकलत मुंबईकडे निघालेलं, आणि तरीही गर्दीत हा म्हातारा हरवत नाही. टीव्हीवर हा चित्रपट पुन्हा पुन्हा लागतो, आणि हसणाऱ्यांपैकी किती जणांना त्या वेळी एसीपी आठवतो हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पुढे 2010 साली मुलगा अभिजित साटम याने दिग्दर्शित केलेल्या ‘हापूस’मध्ये ते कोकणातले आंबा बागायतदार झाले. तो माणूस पुन्हा वेगळा: तापट, जुन्या वळणाचा, बागेवर आणि घरावर सारखाच हक्क गाजवणारा.

आणि या सगळ्यांच्या मधे 2004 सालचा ‘उत्तरायण’ आहे. जयवंत दळवींच्या ‘दुर्गी’ नाटकावरचा बिपिन नाडकर्णी यांचा हा चित्रपट. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. बायको गेलेला, नोकरीच्या धबडग्यातून मोकळा झालेला रघू आणि आयुष्याने पार दमवलेली, शाळेच्या वयात ओळखीची असलेली दुर्गी (नीना कुळकर्णी) इतक्या वर्षांनी भेटतात. उरलेले दिवस सोबत काढावेत असं दोघांना वाटतं, आणि आजूबाजूच्यांना ते वाटणंच आवडत नाही. प्रेमिकाची भूमिका, पण केस पांढरे झाल्यावरची. इथे साटम यांच्याकडे लपायला काही नव्हतं. पोलिसाचा दरारा नाही, बापाचा अधिकार नाही, दारूड्याचा विनोद नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला कोणी आवडतं तेव्हा तो आधी स्वतःलाच कसा ओशाळतो, ते त्यांनी दाखवलं. समोर नीना कुळकर्णींसारखी नटी, कमी बोलून सगळं सांगणारी. साटम तिच्याशी स्पर्धा करत नाहीत, ऐकतात. ऐकणारा चेहरा पडद्यावर टिकवणं हे नटाला सगळ्यात महाग पडणारं काम, कारण त्यात टाळी नाही. आणि गंमत पाहा, ‘उत्तरायण’ आणि 111 मिनिटांचा तो सलग शॉट, दोन्ही एकाच वर्षाचे. त्या वर्षीचा साटम ज्याने पाहिला त्याने ‘एकसुरी’ हा शब्द वापरताना जरा थांबायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कोणी जबरदस्ती केली होती का? वीस वर्षं एकच मालिका करायची, तिचा पैसा आणि प्रसिद्धी घ्यायची, आणि मग नकलाकारांनी त्या नटाचा साचा केला असं म्हणायचं, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणं नाही का? मालिकेतले शेकडो भाग सुमार होते हेही खरंच. तपासाच्या नावाखाली काय वाटेल ते खपवलं गेलं, आणि साटम यांनी ते तितक्याच गंभीर चेहऱ्याने म्हटलं. इथे मी त्यांचा बचाव करणार नाही. पण एक फरक करीन. वाईट संहिता गंभीरपणे म्हणणं हा नटाचा दोष असेलही, क्षमतेचा अभाव नव्हे. एखादा नट सुमार प्रसंगात डोळा मारून प्रेक्षकाला सांगतो की मलाही हे पटत नाही बरं का. साटम यांनी तसं केलं नाही. त्यांनी स्वतः प्रद्युम्नची टिंगल केली असती तर नकलाकारांना काही उरलं नसतं. नक्कल चालते ती मूळ माणूस ठाम असतो म्हणून.

निळू फुल्यांचं उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. वाड्यावर बोलावणारा तो घोगरा आवाज आजही मिमिक्रीचा पहिला धडा आहे. पण जब्बार पटेलांच्या ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव आणि ‘सिंहासन’मधला, डोळ्यांदेखत सगळं घडताना काहीच करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस, हे दोघे त्याच माणसाने केले. हिंदुरावाची नक्कल सोपी. दिगूची नक्कल आजवर कोणी करून दाखवली आहे? फुले 2009 साली गेले तेव्हा मराठी वाचकाला दिगू आठवला, कारण ‘सिंहासन’बद्दल लिहिणारे, बोलणारे लोक होते. साटम यांच्या ‘उत्तरायण’मधल्या रघूबद्दल, ‘वास्तव’मधल्या नामदेवबद्दल असं लिहिणारे फार थोडे. नटाची आठवण कशी उरणार हे नुसतं त्याच्या कामावर ठरत नाही. त्या कामाबद्दल कोण किती बोलतं यावर ठरतं. मीम करणारे हजारो आहेत, मीमला पैसे लागत नाहीत. ‘उत्तरायण’ शोधायचा तर मात्र प्रयत्न करावा लागतो.

डिसेंबर 2024 मध्ये ‘सीआयडी’ परतली, आणि एप्रिल 2025 मध्ये मालिकेने एसीपी प्रद्युम्नला मारलं. वाहिनीने एका काल्पनिक पोलिसासाठी सालांसकट श्रद्धांजली टाकली, लोकांनी नट हयात आहे ना याची खातरजमा केली, इतका गोंधळ झाला. आरडाओरड अशी झाली की पात्राला पुढे परत आणलं गेलं. या काळात साटम 75 वर्षांचे झाले. पात्राच्या मरणावर लोक इतके हळहळले, याला चाहत्यांचं प्रेम म्हणावं हे बरोबर. तरी या प्रेमाचा पत्ता जरा चुकलेला आहे. नट जिवंत होता, आणि त्याच्याकडे दुसरं काय आहे याची चौकशी त्या आठवड्यातही कोणी फारशी केली नाही.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मिमिक्री ही वेगळी स्पर्धा असते आणि एकांकिका वेगळी. अहमदपूरच्या कॉलेजांतली पोरं दोन्हीकडे उतरतात, कधी कधी एकच पोरगा दोन्हीकडे. मिमिक्रीत तो प्रद्युम्न करील, करू दे, हातखंडा आयटम आहे. पण त्याच पोराला एकांकिकेत बापाचं काम आलं, मुलगा ऐकत नाही आणि वाक्यंही फारशी नाहीत असं काम, तर त्याच्या तालीममास्तरने त्याला ‘वास्तव’ लावून द्यावा आणि संजय दत्तकडे न बघता त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला सांगावं.